आज पुन्हा इंच

सकाळी नऊला दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, कॉम्प्युटर चालू करायचा आणि पहिलं काम काय? तर पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंचाचे मिलिमीटर करायचे. कागदाचं माप लेटरचं ए-फोर करायचं. ऑटोकरेक्ट बंद करायचं. ओके दाबायचं. बंद केलं की ते सगळं विसरतं, म्हणून गेले चौदा महिने रोज हेच. उदबत्ती कितीदा राहिली असेल, हे एकदाच.

आणि राहिलं तर काय होतं? गेल्या आठवड्यात लग्नाच्या निमंत्रणाचं घाईचं काम आलं. नवीन पान उघडलं, जुन्या फायलीतला मजकूर डकवला, वरची नावं तेवढी नव्यानं टाइप केली. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, ए-फोरची २९७. खालचे १८ मिलिमीटर गायब! नेमकं तिथेच होतं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ भाचरं गेली पानाबाहेर.

वरची तऱ्हा आणखी वेगळी. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली अजून कृतिदेवमध्ये आहेत. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. लहान ‘ई’ म्हणजे म, कॅपिटल ‘ई’ म्हणजे अर्धा म्. ऑटोकरेक्टनं शहाणपणा करून पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि मनोहररावांचे झाले म्नोहरराव. दोनशे प्रती! हो, प्रूफ मी नीट बघायला हवं होतं. नाही बघितलं. पण रोज बंद करतोय ते ऑटोकरेक्ट चालू कुठून झालं, हे मला कोण सांगणार?

हेल्पलाइनला फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, अनइन्स्टॉल करून परत टाका.’ टाकलं. तीनदा टाकलं. मजा अशी की या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची फाइल प्रोग्रॅमजवळ नसतेच. ती असते युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, आणि विंडोज ते फोल्डर लपवून ठेवतं. अनइन्स्टॉल करताना तिला हातही लागत नाही. म्हणजे माझे मिलिमीटर रोज पुसले जाणार, पण ती बिघडलेली फाइल मात्र वंशपरंपरागत दागिन्यासारखी जपून ठेवणार. वा रे वा!

शेवटी रविवारी दुपारी मीच बसलो. लपवलेले फोल्डर दिसतील असं केलं, आत शिरलो, फाइल सापडली. तारखेचा रकाना बघितला आणि डोकंच सणकलं. फाइल शेवटची बदलली होती चौदा महिन्यांपूर्वी. मी रोज सकाळी ओके दाबतोय आणि या फायलीत एक अक्षर गेलेलं नाही! राइट क्लिक, प्रॉपर्टीज. ‘रीड-ओन्ली’वर टिक. नवा कॉम्प्युटर बसवून गेलेल्या पोराला फोन लावला. ‘हां काका, मीच केलं होतं. सेटिंग कुणी बिघडवू नये म्हणून.’ आता याला काय बोलायचं?

पण त्या पोरावर माझा राग नाही. राग आहे तो त्या सॉफ्टवेअरवर. अरे बाबा, तुला लिहिता येत नाहीये ना फायलीत? मग सांग की! साधा प्रिंटरमधला कागद संपला तर बोंबलतोस, दर दोन दिवसांनी ‘नवीन फीचर बघा’ म्हणून मध्ये तडफडतोस, आणि इथे गुपचूप मान डोलावून ‘ओके’? पिग्मी गोळा करणारा माणूस रोज पैसे नेतोय, पुस्तकात मात्र नोंदच नाही, अशातली ही गत. दिवसभर सगळं मिलिमीटरमध्ये चालतं, म्हणून शंकाही येत नाही. प्रोग्रॅम बंद होतो तेव्हा सेटिंग्ज फायलीत लिहायच्या असतात, आणि तिथेच गप्प बसतं बेणं.

टिक काढली. प्रोग्रॅम बंद केला, उघडला. मिलिमीटर! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘अहो, एवढ्यासाठी रविवार घालवलात?’

बुधवारी अपडेट आलं. नव्या व्हर्जननं नव्या आकड्याचं नवं फोल्डर काढलं, त्यात स्वतःची नवी कोरी फाइल. जुन्या फायलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. उघडलं तर काय? पट्टीवर इंच. च्यायला!