ब्रायटनमध्ये आधी पागा झाली, मग महाल

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या महालाशेजारी जुनी पागा आहे. तिच्या घुमटाचा फोटो पुन्हा फिरतो आहे. सोबतचा मजकूर असा : ‘राजा चौथ्या जॉर्जने ताजमहालाची नक्कल करून महाल बांधला, मग शोभेसाठी तशीच पागा उभारली आणि तिथून प्रेयसीकडे जायला भुयार खोदलं.’ यातलं एकही विधान टिकत नाही. शिवाय त्यात पागेचा वास्तुकार विल्यम पोर्डन याचं नावच गायब होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पहिलं, क्रम. पोर्डनने पागा बांधली १८०३ ते १८०८ या काळात. जॉर्ज तेव्हा युवराज होता आणि शेजारीच हेन्री हॉलंडने १७८७ साली बांधलेल्या पाश्चात्त्य धाटणीच्या घरात राहत होता. वास्तुकार जॉन नॅशने त्या घरावर घुमट-मिनार चढवायला घेतले ते १८१५ पासून. तोवर कितीतरी वर्षं घोडे घुमटाखाली आणि धनी साध्या छपराखाली, अशी स्थिती होती. म्हणजे पागेचा थाट पाहून महाल बदलला.

दुसरं, ताजमहाल. ताजचा घुमट विटा-संगमरवराचा, दुहेरी कवचाचा. ब्रायटनचा घुमट लाकडी फासळ्यांचा, मधे काचा बसवलेला. व्यास सुमारे ८० फूट, उंची ६५ फूट. ही कल्पना आग्र्याहून नव्हे, पॅरिसहून आली : तिथल्या धान्यबाजारावर १७८३ साली असाच लाकडी घुमट चढवला होता, तो १८०२ मध्ये जळाला. पोर्डनने त्या रचनेचा उपयोग किती नेमका केला पाहा. मधे गोल मोकळी जागा, कडेने घोड्यांची ठाणं, वरून काचांतून उजेड, आणि वरच्या मजल्यावर मोतद्दारांच्या खोल्या. साठेक घोड्यांची सोय होती. बग्गीखाने आणि घोडे फिरवायची बंदिस्त इमारत त्याच आवारात. शोभेसाठी बांधलेली वास्तू अशी नसते.

बाहेरच्या कमानींवर भारतीय छाप आहे, हे मात्र खरं. पोर्डन भारतात कधी आला नव्हता. पण थॉमस आणि विल्यम डॅनिएल या इंग्रज चित्रकारांच्या भारतचित्रांनी तेव्हा इंग्लंडला वेड लावलं होतं, ही छाप त्यांतूनच आली.   

तिसरं, भुयार. ते खोदलं १८२० नंतर. मजकुरातली प्रेयसी म्हणजे मारिया फिट्झहर्बर्ट. तिच्याशी जॉर्जने १७८५ मध्येच गुपचूप लग्न केलं होतं, कायद्याने ते अवैध ठरत असलं तरी. आणि भुयाराच्या कितीतरी आधी दोघांचा संबंध तुटला होता. दिशाही जुळत नाही. भुयार महालातून उत्तरेकडच्या पागेकडे जातं, मारियाचं घर महालाच्या दक्षिणेला. फार स्थूल झालेल्या राजाला लोकांच्या नजरा चुकवून घोड्यांपर्यंत जायचं होतं, त्यासाठी ते खोदलं.