अर्धी सनई

परवा वाद्यांच्या दुकानात, तबल्याची पुडी बदलायला आलेल्या एका अनोळखी काकांनी मला भंगारात काढलं. म्हणजे माझ्या क्लॅरिनेटला, पण त्यांचा सूर बघता दोघांत त्यांना फारसा फरक वाटत नव्हता.

क्लॅरिनेट साधीच, शिकाऊ लोकांची, प्लॅस्टिकची, 17 कीची (की म्हणजे भोकं उघडझाप करणाऱ्या धातूच्या चाव्या), 4 वर्षांपूर्वी 14 हजाराला घेतलेली. पावसाळा लागला आणि खालचे सूर निघेनात, फुंकलं की बदकाच्या पायावर पाय पडल्यासारखा आवाज. बायको म्हणाली टाकून दे. वरच्या काकू काहीच म्हणाल्या नाहीत, पण हल्ली फार खुशीत दिसतात.

कारागिरानं वरचा जॉइंट वेगळा केला, भोकांवर बोटं, खाली तळवा, आणि तोंडानं हवा ओढली. "लीक आहे." कुठून ते बघायला म्हणे सिगारेटचा पातळ कागद लागतो, कीला आतून चिकटवलेल्या पॅडखाली पट्टी धरून ओढायची, सुळकन निघाली तर पॅड गेलं. त्यांचा कागद नेमका संपलेला. मग जन्मात बिडी न ओढलेला मी टपरीवर "रोलिंग पेपर द्या" म्हणतोय आणि मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तंबाखू मळत उभे! "क्लॅरिनेटसाठी हवाय," मी म्हटलं. "असू दे हो असू दे, आजकाल सगळेच," ते म्हणाले. यावर माणसानं काय बोलायचं?

परत येतो तर माझ्या स्टुलावर काका.

"सनई का?"

"क्लॅरिनेट."

"तेच ते. मुलाची?"

"माझी."

काकांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत सावकाश बघून घेतलं. "अच्छा," म्हणाले, आणि त्या अच्छामध्ये माझं वय, पोट, पगार सगळं आलं. मी उगाचच समजवायला गेलो की सनई वेगळी, सनईची पत्ती दुहेरी असते, हिची एकच.

"म्हणजे अर्धी सनई."

कारागीर हसला. पैसे मी देणार होतो, पण हसला तो काकांच्या विनोदाला.

सगळी पॅडं बदलायची तर साडेचार हजार, नवीन घ्यायची तर 15. मी मनात हिशेब मांडत होतो तेवढ्यात काका म्हणाले, "माझी स्कूटर होती, 76 सालची. तीनदा इंजिन बांधलं. शेवटी कंटाळून भंगारवाल्याला दिली. तो अजून चालवतोय." यातून मी दुरुस्ती करायची, नवीन घ्यायची का भंगारवाल्याला शिकवणी लावायची, ते काही कळलं नाही.

"कॉर्कला ग्रीस कधी लावलं होतं?" कारागिरानं विचारलं.

"पावसाळ्याच्या आधी."

"कुठल्या?"

काका कानात प्राण आणून ऐकत होते.

खरा राग वेगळाच आहे. काउंटरवरचा पोरगा केस न उघडताच "नवीनच घ्या ना सर" म्हणाला होता. पॅड म्हणजे काय तर नखाएवढी गादी आणि वर पातळ पापुद्रा, तो फुगला, फाटला, एवढंच झालेलं. पण पूर्ण सेट मेरठहून मागवायचा आणि गणपती होईपर्यंत बँडवाल्यांची कामं आधी. शिवाय स्वस्तातल्या कीचा धातू इतका हलका की सरळ करायला गेलं तर मोडेल, असं कारागीरच सांगतो. म्हणजे दुरुस्त करता येऊ नये अशी बनवायची आणि मग वर दुरुस्ती परवडत नाही म्हणायचं! मिक्सरचं तेच, छत्रीचं तेच. आमच्याकडे छत्रीवाला दारावर यायचा, आता छत्रीच दरवर्षी येते.

शेवटी म्हटलं, सगळ्यात वाईट दोनच बदला. त्यानं लाख तापवून दोन पॅडं चिकटवली, कागद ओढून बघितला, घट्ट. 300 रुपये. काकांची पुडी केव्हाच झालेली, तरी ते हलेनात. "वाजवा की."

वाजवलं. खालचा सूर आला, गोल, भरदार, मलाच भरून आलं. मग जरा वर गेलो आणि बदक.

काका कारागिराकडे वळले. "म्हणजे आता वाद्य ठीक आहे ना?"

"वाद्य एकदम ठीक आहे," कारागीर म्हणाला.

मग दोघंही माझ्याकडे बघत बसले.