जाड बार टाकला म्हणून गाडी रस्त्याला चिकटत नाही

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक तर हुरडा पार्टीसाठी काढलेला ग्रुप. मजकूर थोडक्यात असा: ‘कंपनी पैसे वाचवायला बारीक स्टॅबिलायझर बार देते. जाड बार बसवा. गाडी वळणावर झुकणार नाही, टायरची पकड वाढेल, पलटी व्हायची भीती नाही, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणार नाही, खड्ड्यात काही फरक पडत नाही. फक्त पुढचा बदला, बास.’

झुकणं कमी होतं हे खरं. बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी स्प्रिंगच्या पोलादाची दांडी. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळली जाते, आणि त्या पिळाला विरोध करते म्हणून गाडी कमी कलते. हा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 24 चा बार टाकला तर तो दुपटीहून जास्त कडक होतो. त्यामुळे मिस्त्री ‘जरासाच जाड आहे’ म्हणाला तर त्या ‘जरासा’कडे नीट बघा.

‘पकड वाढते’ हे मात्र सगळ्या मेसेजमधलं सगळ्यात मोठं गफलतीचं वाक्य. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. 1000 किलोची गाडी, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटरवर, चाकांत 145 सेंटिमीटर अंतर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा धरा: साधारण 190 किलो पलीकडे जातात. बार बारीक असो की जाड, आकडा जवळपास तोच. बार एवढंच ठरवतो की त्या 190 पैकी पुढच्या जोडीने किती सोसायचे आणि मागच्या जोडीने किती.

आता टायरचा स्वभाव बघा. त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. चादरींचे दोन गठ्ठे दोन हातांत घेऊन माणूस सरळ चालतो. तेच दोन्ही एका हातात दिले की वाकडा होतो. वजन तेवढंच असतं. पुढचा बार जाड केला की पुढच्या बाहेरच्या टायरच्या हातात दोन्ही गठ्ठे येतात. परिणामी पुढची जोडी आधी हार मानते: स्टिअरिंग वळतं, गाडी सरळ जाते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या भाच्याने पुढे जाड बार बसवला. ‘मामा, बघा आता कशी वळते,’ म्हणत मला तुळजापूरला घेऊन निघाला. जाताना रस्ता कोरडा, गाडी ताठ, भाचा खूश. परतताना पहिल्या पावसाची सर आली. रस्त्यावर धूळ आणि ऑइलचा चिकट रबडा. घाटाच्या उतारावर एका वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी दोन-तीन फूट सरळच सरकली. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. उरलेला घाट भाचा बोलला नाही.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायला हवी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन) असलेली गाडी फार कलली तर बाहेरचं टायर कडेवर उभं राहतं. तिथे थोडा जाड बार टायर सपाट ठेवतो आणि कधीकधी पकड खरोखर वाढते. पण हे गाडीनुसार मोजून ठरतं, फॉरवर्ड करून नाही.

‘फक्त पुढचा बदला’ याचं उत्तर यातच आलं. मागचा जाड केला तर उलटं: मागची जोडी आधी सुटते आणि वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की शेपूट बाहेर येते. कंपन्या साध्या गाड्या मुद्दाम पुढून आधी सुटतील अशा करतात, कारण घाबरलेल्या माणसाला ते सावरायला सोपं जातं. यात पैसे वाचवणं कुठून आलं? आणि कित्येक हॅचबॅकमध्ये मागचा टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई, स्वतःच पिळून बारचं काम करतो.

पलटीचं म्हणाल, तर चाकांतलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची बार बदलत नाही. हायवेवर गाडी बहुतेकदा नुसत्या वळणाने पलटत नाही. चाक साइडपट्टीवरून उतरून मऊ मातीत रुततं किंवा कशाला तरी अडतं आणि गाडी आडवी होते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीची कड कशी असते ते सोलापूरकराला सांगायला नको. 1997 मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने सस्पेन्शन सुधारलंच, पण ईएसपीही (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) सगळ्या ए-क्लासना द्यावं लागलं.

ब्रेकचं तर सोडूनच द्या. ब्रेक मारल्यावर पुढची दोन्ही चाकं सारखीच दबतात, बार पिळलाच जात नाही.

आणि खड्डे! बारने दोन्ही चाकं बांधलेली असल्यामुळे एकाच चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याकडेही जातो. पाइपलाइनचा अर्धवट बुजवलेला चर, किंवा स्पीडब्रेकरवर तिरकी घातलेली गाडी: जाड बारने डोकी डावी-उजवी हलतात. म्हणूनच जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये खडकाळ वाटेसाठी पुढचा बार बटणाने सोडवायची सोय दिलेली आहे.

मग गाडी झोलते ती का? भाच्याच्या गाडीचं शेवटी निघालं ते असं: एका बाजूचा लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) ढिला, बारचे रबर बुश चेपलेले, मागचे शॉकअप गळके. बार बदलणाऱ्याने यातल्या एकालाही हात लावला नव्हता. कमी वेगात खडबडीत रस्त्यावर पुढून टकटक येत असेल तर आधी लिंक रॉड हाताने हलवून बघा. काही शे रुपयांचं काम असतं. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. मे महिन्यात दुपारी भर उन्हात धावलेल्या टायरची हवा मोजून ती कमी करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

भाच्याने कंपनीचा बार परत बसवला, शॉकअप आणि बुश नवे टाकले. तो जाड बार आमच्या माळ्यावर आहे. बहिणीने त्याला सध्या पडदा अडकवायचा विचार चालवला आहे, पण तो दोन्ही टोकांना वाकडा असल्यामुळे तिथेही जमत नाही.