'सगळं प्रायव्हेटला द्या' या मेसेजमधला एकेक मुद्दा

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन जणांकडून आला, त्यातला एक माझा सख्खा आतेभाऊ, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहूनच टाकू. मेसेज थोडक्यात असा: पीपीपीमध्ये, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनी मिळून करतात त्या प्रकल्पात, सरकारचा एक रुपया लागत नाही, तोटा झाला तर कंपनीचा, प्रायव्हेटवाले काम वेळेत करतात, पुरावा हवा तर घाटकोपरची मेट्रो आणि मुंबईचं एअरपोर्ट बघा, बेस्टची बससेवासुद्धा खाजगी गाड्यांमुळेच तगली, तेव्हा आता पालिकेची हॉस्पिटलंही देऊन टाका, आणि विरोध करणारे विकासाच्या आड येणारे आहेत.

मी मरोळला राहतो, रोज मेट्रो वनने, म्हणजे त्याच घाटकोपरच्या मेट्रोने, जातो, आणि ती बंद पडावी असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. मी प्रायव्हेटच्या विरोधात नाही. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुंबईतच खोटं ठरलंय आणि ते आपल्या डोळ्यांसमोर झालंय.

"सरकारचा एक रुपया लागत नाही". मेट्रो वनचंच घ्या. २००७ च्या करारात खर्च धरला होता २,३५६ कोटी, त्यातले ६५० कोटी केंद्र आणि राज्य सरकारने व्हायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणून दिले, म्हणजे प्रकल्प स्वतःच्या कमाईवर उभा राहत नाही म्हणून सरकारने भरलेली खोट, आणि ती परत मिळत नाही. शिवाय ही मेट्रो चालवणाऱ्या कंपनीत एमएमआरडीएचा, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, २६ टक्के हिस्सा आहे, तेही सरकारचेच पैसे. जमीन, रस्त्याची जागा, हे सगळं तर धरतच नाही कोणी. मुंबईत ज्याने जागा दिली त्याने सगळ्यात महाग वस्तू दिली, हे इथे वन रूम किचन घेतलेल्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

"तोटा कंपनीचा". हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो कारण ऐकायला तो बरोबर वाटतो, म्हणून जरा लांबवून सांगतो.

मेट्रो वनच्या करारात भाडं ठरलेलं होतं: ९, ११ आणि १३ रुपये. त्याच दरांवर टेंडर जिंकलं गेलं. ८ जून २०१४ ला गाडी सुरू झाली तेव्हा कंपनी म्हणाली खर्च ४,३२१ कोटींवर गेलाय, आता १० ते ४० रुपये घेणार. एमएमआरडीए कोर्टात गेली. पण मधल्या काळात मेट्रोचा केंद्राचा कायदा मुंबईला लागू झाला होता आणि त्या कायद्यात पहिलं भाडं ठरवायचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला दिलाय, त्यामुळे करारातले आकडे कागदावरच राहिले आणि जानेवारी २०१५ पासून १० ते ४० लागू झालं. मग भाडं ठरवायला कमिटी बसली, तिने ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली, अंधेरी ते घाटकोपर रोज जाणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आला होता तेव्हा, ते हायकोर्टाने थांबवलं म्हणून वाचलो. म्हणजे खर्च वाढला तर कंपनीने सोसायचा असं जे आपण समजत होतो ते तसं झालं नाही, ते तिकिटावर आलं.

पुढचं ऐका. कंपनी कर्जाचे हप्ते फेडू शकत नव्हती, स्टेट बँक दिवाळखोरीचा अर्ज घेऊन गेली, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की कंपनीचा ७४ टक्के हिस्सा सुमारे ४,००० कोटींना एमएमआरडीएने विकत घ्यायचा. तीनेक महिन्यांत तो निर्णय मागे घेतला, ठीक आहे, पण तोटा जर खरंच कंपनीचा असतो तर हा प्रस्ताव मंत्रिमंडळासमोर आलाच कसा? उत्तर साधं आहे, लाखो लोक रोज त्या गाडीत बसतात, ती बंद पडू देता येत नाही, आणि हे कंपनीलाही माहीत असतं, बँकेलाही, सरकारलाही. ज्या गोष्टीशिवाय शहर चालत नाही तिची जोखीम कागदावर कोणाच्याही नावावर लिहा, शेवटी ती लोकांच्याच गळ्यात येते. दिल्लीला एअरपोर्ट मेट्रोचं तेच झालं, २०१३ मध्ये कंपनीने लाइन सोडली आणि डीएमआरसी या सरकारी मेट्रो कंपनीला चालवायला घ्यावी लागली.

आणि आपण महाराष्ट्राचे लोक, आपल्याला हे नव्याने सांगायची गरज पडावी याचं मला वाईट वाटतं, कारण एन्रॉन कंपनीचा गुहागरचा वीज प्रकल्प आपल्याकडेच झाला. वीज घ्या वा नका घेऊ, ठरलेले पैसे द्या, हिशोब डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि केंद्राची काउंटर गॅरंटी. २००१ मध्ये वीज मंडळाला ती वीज परवडेना, प्लांट बंद पडला, आणि नंतर तो उचलून उभा करायला एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्याच आल्या.

"प्रायव्हेटवाले वेळेत करतात". मेट्रो वन ११.४ किलोमीटर, भूमिपूजन २००६, गाडी २०१४. मेट्रो दोन, चारकोप-वांद्रे-मानखुर्द, पीपीपीवर दिलेली, २००९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते कोनशिला बसली आणि २०१४ मध्ये करारच रद्द. नंतर आखणी बदलून दहिसर-डी एन नगर मार्ग टू ए म्हणून एमएमआरडीएने बांधला आणि आज लोक त्यातून फिरतायत. वरळी-हाजी अली सी लिंकही २०१० मध्ये पीपीपीवर दिला होता, तो झालाच नाही, आणि शेवटी पालिकेने स्वतःच्या पैशातून कोस्टल रोड बांधला, त्यावर टोलही नाही.

शिवडी-न्हावाशेवाचा पूल आठवा, आत्ताचा अटल सेतू. २००८ मध्ये टेंडर उघडलं तेव्हा एका अंबानी भावाच्या गटाने टोल वसुलीसाठी ९ वर्षं ११ महिने मागितले आणि दुसऱ्या भावाच्या गटाने ७५ वर्षं. पूल एक, समुद्र एक, गाड्यांचा अंदाज फार तर थोडा इकडेतिकडे, आणि आकड्यांत एवढा फरक! ते टेंडर रद्द झालं. २०१३ मध्ये परत काढलं, पाच गट शॉर्टलिस्ट झाले होते आणि शेवटच्या दिवशी एकानेही बोली लावली नाही. मग एमएमआरडीएने जायका या जपानी संस्थेचं कर्ज घेऊन बांधला आणि १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. प्रायव्हेटची वाट बघण्यात आपली किती वर्षं गेली ते मोजा.

पुणे एक्सप्रेसवेचा किस्सा तर गडकरी स्वतः अनेक भाषणांत सांगतात, रिलायन्सचं टेंडर ३,६०० कोटींचं आलं होतं, ते नाकारलं आणि एमएसआरडीसी या राज्याच्या रस्ते महामंडळाने सुमारे १,६०० कोटींत रस्ता केला. यातला पुढचा भाग कोणी सांगत नाही. सरकारी महामंडळाने बांधलेल्या त्या रस्त्याचा टोल २००४ मध्ये एका कंपनीला १५ वर्षांसाठी ९१८ कोटी घेऊन दिला आणि २०२० मध्ये पुन्हा दिला तेव्हा रक्कम होती ८,२६२ कोटी, तीही दहाच वर्षांसाठी. मधल्या काळात गाड्या वाढल्या, दर वाढले, हे सगळं मान्य करूनही पहिल्या वेळेला आपण कितीला विकलं हा प्रश्न मला सोडत नाही.

आता समोरच्याची बाजू, कारण ती न सांगता लिहिणं बरोबर नाही. मेट्रो वन उशिरा झाली त्यात सरकारी बाजूने जागा वेळेवर न मिळाल्याचंही कारण होतं, आणि लवादाने त्या वादात कंपनीच्या बाजूने निकाल दिला आहे, त्यात एमएमआरडीएवर शेकडो कोटींचा बोजा आलाय. सरकारची स्वतःची मेट्रो तीनसुद्धा लांबली, कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेव्हा सरकारने केलं की वेळेत होतं असं मी म्हणत नाहीये. प्रायव्हेटला दिलं की वेळेत होतं, हे खोटं आहे, एवढंच म्हणतोय.

"एअरपोर्ट बघा". हो, टी टू, म्हणजे नवं टर्मिनल, सुंदर आहे, जुन्या सहार टर्मिनलच्या रांगा ज्यांनी बघितल्यात ते नाही म्हणणार नाहीत. पण ते का चाललं ते बघा ना. २००६ च्या करारात उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा एअरपोर्ट ऑथॉरिटीला द्यायचा हे स्पष्ट होतं, दर ठरवायला पुढे वेगळा नियामक आला, एईआरए, आणि गिऱ्हाईक कोण, तर विमानाचं तिकीट काढू शकणारा. तरीसुद्धा बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा प्रवाशांकडून डेव्हलपमेंट फी वसूल केलीच. विमानतळाचं गणित कुर्ल्याच्या बसला किंवा गोवंडीच्या प्रसूतिगृहाला लागू होत नाही.

आता बेस्ट. "खाजगी गाड्यांमुळे तगली" हे वाचून मला खरंच राग आला. ट्रामच्या काळापासूनची ही संस्था १९४७ मध्ये पालिकेकडे आली, आणि वर्षानुवर्षं वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा. ती वाट बंद झाली, मग तोटा भरायला वेट लीज आलं: गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार. बेस्टच्या मालकीच्या जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि त्या जागी पुरेशा स्वतःच्या घेतल्या नाहीत, त्यामुळे हळूहळू आपण कंत्राटदारावरच अवलंबून झालो. मग खर्च वाढला की कंत्राटदार म्हणतो परवडत नाही आणि गाड्या काढून घेतो, असं २०२२ मध्ये झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला, शेकडो गाड्या डेपोत उभ्या, आणि आमच्या अंधेरी-कुर्ला रोडवर लोक चार-चार जण मिळून रिक्षा करत होते. ते ड्रायव्हर चुकीचे नव्हते. बेस्टच्या ड्रायव्हरसारखंच काम, तोच रस्ता, तीच गर्दी, आणि पगार खूप कमी, का सहन करायचं त्यांनी?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला एस जी बर्वे मार्गावर ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, सात माणसं गेली, नंतर आकडा अजून वाढला. ती वेट लीजची गाडी होती. ड्रायव्हरला त्या गाडीचं ट्रेनिंग किती दिलं होतं हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहिला, आणि मग ट्रेनिंग कोणी द्यायचं, कंत्राटदाराने की बेस्टने, तपासायचं कोणी, यावर बोटं एकमेकांकडे. मी त्याच नंबरच्या बसने किती वेळा गेलोय. माणूस गेल्यावर जबाबदार कोण हे शोधावं लागणं, ही त्या व्यवस्थेची सगळ्यात मोठी खोट आहे, पैशाचं नंतर बघू. आणि तोटा तरी कुठे गेला? मे २०२५ मध्ये कमीत कमी भाडं ५ चं १० झालंच.

विकासाच्या आड येणारे वगैरे, त्यावर काय बोलायचं. हिशोब मागितला की कोणी विरोधक होत नाही.

राहिली हॉस्पिटलं, आणि हे लिहायला बसलो ते खरं यासाठीच. माझ्या घराजवळच सेव्हन हिल्स आहे. पालिकेची जमीन, १,५०० खाटांचं हॉस्पिटल व्हायचं होतं, २० टक्के खाटा पालिकेच्या पेशंटसाठी. त्या खाटांवरून आणि थकबाकीवरून वर्षानुवर्षं वाद चालले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा पालिकेनेच ती इमारत ताब्यात घेऊन चालवली, पालिकेच्या डॉक्टर-नर्सेसनी, आणि त्या वर्षी किती जणांचा जीव तिथे वाचला ते मरोळ-अंधेरीच्या लोकांना विचारा.

राखीव खाटांचं आणखी एक सांगतो. ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी हायकोर्टाने मान्य केलेली योजना २००६ पासून आहे. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या बायकोला घेऊन मी अशाच एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. कोट्यातली खाट रिकामी नाही म्हणाले. किती आहेत, किती भरल्यात, दाखवा म्हटलं तर सोशल वर्करला भेटा, ती उद्या येईल, उद्या गेलो तर परवा. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला पालिकेच्या कूपरला नेलं, तिथे गर्दी होती, व्हरांड्यात थांबलो, पण दाखल करून घेतलं. अट कागदावर असणं आणि ती रोज जाऊन तपासणारा माणूस असणं, यात पेशंटचा जीव अडकलेला असतो. पालिकेला स्वतःची हॉस्पिटलं नीट चालवायला माणसं पुरत नाहीत असं म्हणतात, मग दुसऱ्याने चालवलेली तपासायला कुठून आणणार?

आणि कागद मागायला गेलं की माहिती अधिकारातल्या ८(१)(ड) कडे बोट, व्यापारी गुपित. केईएम, सायन, नायर, कूपर, यांच्याबद्दल आपण नगरसेवकाला जाब विचारू शकतो, पेपरात बातमी येते, डीनला पत्र देता येतं. करार झाल्यावर कोणाचं दार वाजवायचं?

माझ्या आतेभावाला मी एवढंच लिहून पाठवलंय: मानखुर्द, गोवंडी, बोरिवलीची पालिकेची हॉस्पिटलं पीपीपीवर द्यायचं चाललंय, तू त्यातला एक तरी करार मला मिळवून दे, मराठीत. केसपेपर किती रुपयांचा राहणार, रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर डॉक्टर कोणाच्या पगारावर असणार, आणि कंपनी मधेच सोडून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी कोण उघडणार, या तीन ओळी त्यात दाखव.