चांगली बालवाडी ओळखायची कशी? वसमत रोडच्या कट्ट्यावर झालेला वाद

दाजींनी मोबाईल सगळ्यांपुढून फिरवला. साडेतीन वर्षांच्या नातवासाठी शाळा बघून आले होते, तिचे फोटो. भिंतींवर कार्टून, लाल-पिवळ्या खुर्च्या, खाली हिरवी मऊ चटई, समोर भलामोठा स्मार्ट टीव्ही. फीचा आकडा ऐकून मामूंनी चहाचा कप खाली ठेवला.

गुरुजींनी फोटो दोनदा मागं-पुढं करून बघितले. म्हणाले, "खोली झकास आहे दाजी. पण यात लेकरं कुठंयत?"

"शाळा जूनमधी सुरू होईल की. आत्ता कुठली लेकरं?"

"मंग तुम्ही खोली बघितली. वर्ग अजून बघितलाच नाही."

इथून जे सुरू झालं ते परभणीच्या उकाड्यात रात्री दुकानांची शटरं पडेपर्यंत चाललं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतात, म्हणजे सगळ्या नर्सऱ्या, बालवाड्या अन् अंगणवाड्यांमधून निघालेली लेकरं शेवटी त्यांच्यासमोर येऊन बसतात. दाजींचं कृषी सेवा केंद्र, मामूंचं वेल्डिंगचं दुकान. सुट्टीवर आलेला इंजिनिअर पुण्यात राहतो, त्याची पोरगी तिथं प्ले-ग्रुपला जाते. आम्ही बाकीचे ऐकणारे, मधून मधून तेल ओतणारे.

दाजींचा मुद्दा सरळ होता. शेजारची पोरगी त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेत जाते. चार वर्षांची आहे. ए टू झेड लिहिते, पन्नासपर्यंत आकडे लिहिते. "आन् आमचं लेकरू अजून मातीत खेळायलंय. उद्या मागं पडलं तर कोण जबाबदार?"

गुरुजी एरवी शांत माणूस, पण इथं तापले. म्हणाले, असली लेकरं पहिलीत येतात तेव्हा वहीची पानंच्या पानं भरतात, पण पेन्सिल मुठीत आवळून धरतात अन् दहा मिनिटांत हात दुखतो म्हणून रडतात. चार वर्षांच्या लेकराच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. बोटांत बळ यायचं ते माती मळून, मणी ओवून, कागद फाडून, हरभरा-तूर निवडून, कणकेचे गोळे करून. ते झाल्यावर अक्षर आपोआप वळायला लागतं. मग दाजींकडं वळून म्हणाले, "गिऱ्हाईक आलं की तुम्हीच सांगता ना, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून? वाफसा नसताना सोयाबीन पेरलं तर दुबार पेरणी ठरलेली. अन् लेकराच्या बाबतीत एवढी घाई कामून?"

दाजी गप्प बसणारे नव्हेत. "मग खेळायलाच पाठवायचं असंल तर पैसे कामून भरायचे? खेळतंय की अंगणात फुकट."

याच प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि माझ्या मते तो खर्ची पडायलाच पाहिजे होता. कारण "खेळातून शिक्षण" हे आता प्रत्येक शाळेच्या फ्लेक्सवर असतं आणि त्याचा अर्थ कुणी उकलून सांगत नाही. गुरुजींनी एक उदाहरण दिलं. वर्गाच्या एका कोपऱ्यात दुकान मांडायचं. रिकामे खोके, जुना तराजू, पैसे म्हणून बाटल्यांची झाकणं, उधारीची एक वही. एक लेकरू दुकानदार, दोघं-तिघं गिऱ्हाईक. दुकानदार वहीत रेघोट्या काढून "लिहून ठेवलं बरं का" म्हणतो. लिहिलेलं टिकतं, नंतर वाचता येतं, हे त्याला तिथं कळतं, आणि ते कळणं ए टू झेडच्या आधी यायला पाहिजे. रांगेत थांबायचं, आपली पाळी येईपर्यंत दम धरायचा, "साखर संपली, उद्या या" असं पूर्ण वाक्य बोलायचं, झाकणं मोजून द्यायची. एवढं तर लेकरं आपसांत करतात. पण चांगली बाई काय करते? ती स्वतः गिऱ्हाईक होऊन येते. म्हणते, "मला अर्धा किलो पाहिजे. तुमच्याकडं तर एक किलोचंच माप दिसतंय. आता कसं करायचं?" आणि थांबते. उत्तर सांगत नाही. लेकरं डोकं लावतात, भांडतात, काहीतरी काढतात.

"ते थांबणं हाच फरक आहे," गुरुजी म्हणाले. "अंगणातल्या खेळात ही बाई नसती."

मला हे शंभर टक्के पटतं. आणि याचा दुसरा अर्थही तेवढाच खरा: खेळणी देऊन लेकरं नुसती सोडून देणं अन् बाईनं बाजूला बसून रजिस्टर भरणं, याला खेळातून शिक्षण म्हणता येणार नाही. रटाळ घोकंपट्टीच्या वर्गात लेकराशी कुणी बोलत नाही, आणि या मोकाट सोडलेल्या वर्गातही नाही. लेकराच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही सारखेच.

इंजिनिअरनं मोबाईल काढला. त्याचं म्हणणं, लहानपणीच्या शिक्षणावर लावलेला पैसा वसूल होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय, दाजी फी भरायलेत ते बरोबरच आहे. मिशिगन राज्यात यप्सिलांटी नावाच्या गावात 1962 ते 1967 या काळात पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. गरीब घरांतली 123 कृष्णवर्णीय लेकरं, त्यातल्या 58 जणांना बालवाडी मिळाली, 65 जणांना नाही. मग त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. चाळिशीला पोचल्यावर बालवाडीवाल्यांची कमाई जास्त, गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाण कमी निघालं.

"वाच की पुढचं," गुरुजी म्हणाले. "त्या वर्गात काय होतं तेबी वाच." त्यांना ते आधीच माहीत होतं. पाच-सहा लेकरांमागं एक शिक्षिका, तीही पूर्ण शिकलेली. दर आठवड्याला ती लेकराच्या घरी जायची, आईसोबत दीड तास बसायची. आज काय करणार हे लेकरानं आधी सांगायचं, मग करायचं, मग काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. ना टीव्ही, ना इंग्रजी कविता पाठ. प्रयोग लहान होता, परमुलखातला होता, त्यावरून परभणीचा हिशोब मांडता येत नाही हेही गुरुजींनीच सांगितलं. पण पैसा जिथं लागला तिथं तो शिकलेल्या माणसावर लागला, भिंतीवर लागला नाही.

मग त्यांनी दाजींना विचारलं, "एका वर्गात किती पोरं घेणारेत?"

"चाळीस म्हणाले."

"अन् बाई?"

"एक बाई, एक मावशी."

2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या 20 लेकरांमागं एक मोठं माणूस सांगितलंय, आणि 30 लेकरांना किमान 35 चौरस मीटरची खोली. दाजींच्या डोक्यात बसावं म्हणून गुरुजींनी फुटात हिशोब केला: पावणेचारशे चौरस फूट. दाजींचं दुकान बारा बाय पंधरा, म्हणजे 180. "तुमच्या दुकानासारखी दोन दुकानं, तेव्हा कुठं तीस लेकरं. फोटोतली खोली तेवढी वाटायलीय का?" दाजींनी फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा करून बघितला, आणि काही बोलले नाहीत.

इतका वेळ मामू गप्प होते. मग त्यांनी नातवाचं सांगितलं. घरी सगळे दखनी उर्दू बोलतात. पोराला मागच्या वर्षी एका इंग्रजी नर्सरीत घातलं होतं. तिथं नियम, बाथरूमला जायचं असेल तर इंग्रजीतच विचारायचं. "लेकराला ते वाक्यच येईना. धरून धरून ठेवलं अन् वर्गात चड्डी ओली झाली. बाकीची पोरं हसली. मग शाळेचं नाव काढलं की उलटी. हौ, खरंच उलटी." त्यांनी त्याला काढून घेतलं. यावर कुणीच वाद घातला नाही.

आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. बंजारा तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलतं, मोहल्ल्यातलं दखनी, आणि गावाकडची मराठी पुस्तकात नसते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय. पण धोरण वर्गात पोचेपर्यंत बाईनं एवढं तरी करावं: तहान, भूक, शी-शू, दुखतंय, भीती वाटते, आई पाहिजे, हे शब्द लेकराच्या बोलीत शिकून घ्यावेत. माझ्यासाठी चांगल्या वर्गाची ही पहिली कसोटी आहे, खेळण्यांच्याही आधीची. जिथं लेकराला शू आली म्हणून सांगायची भीती वाटते तिथं ते बाकी काय शिकणार?

दूध घ्यायला आलेल्या अंगणवाडीच्या ताई तेवढ्यात दिसल्या. दाजींनीच हाक मारली, पण विचारलं मात्र जरा टोचून: "ताई, अंगणवाडी म्हंजी खिचडीच ना? शिकवायला येळ कुठं भेटतो तुम्हाला?"

ताई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "वेळ कमीच भेटतो दाजी, खोटं कशाला बोलू." पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाची यादी, गरोदर बायांच्या भेटी, सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची नोंद. सहा सेवा आहेत, पूर्वप्राथमिक शिक्षण त्यातली एक. एक सेविका, एक मदतनीस. "तरीबी सकाळचा एक-दीड तास मी कुणाला देत नाही. फोन कपाटात ठेवते."

त्या वेळात काय करतात? जुन्या टायरमध्ये वाळू भरलीय, त्यात लेकरं डबे भरतात-ओततात. गोष्ट सांगताना गोष्टीतल्या पोराला वर्गातल्याच एखाद्या लेकराचं नाव देतात. एक पोरगी कितीतरी दिवस तोंडच उघडत नव्हती. ताईंनी तिला बोल म्हणून कधी टोकलं नाही, रोज डब्यांची झाकणं वाटायचं काम दिलं. एक दिवस ती दुसऱ्याला म्हणाली, "तुला दिलं की एक." ताई सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

मग त्यांनी ऊसतोडीचं काढलं. त्यांची आधीची अंगणवाडी गंगाखेडकडची. दसरा झाला की टोळ्या निघतात, अर्धा वर्ग आईबापासोबत कारखान्यावर जातो. गुढीपाडव्याच्या सुमाराला लेकरं परत येतात ती बुजलेली. रंग, गाणी, मैत्रिणी, सगळं पहिल्यापासून. "तुम्ही इथं खुर्च्या कोणत्या ते बघायलात. माझी तर निम्मी लेकरंच जागेवर राहत न्हवती."

गुरुजींनी ताराबाई मोडकांची आठवण काढली. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघांसोबत कोसबाडला. आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात. खडे, पानं, बिया, शंख हीच साधनं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आजच्या अंगणवाड्या, 2 ऑक्टोबर 1975 ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अंगणवाडीच्या नावात अंगण घेतलं, पण लेकरू जिथं आहे तिथं जायचं ते मात्र आपण सोडून दिलं, असं गुरुजी म्हणाले. ऊसतोडीच्या फडावर बालवाडी का नाही, याचं उत्तर कट्ट्यावर कुणापाशी नव्हतं. ते सरकारला आणि कारखान्यांना विचारलं पाहिजे, दर हंगामाला विचारलं पाहिजे.

ताई निघता निघता दाजींना म्हणाल्या, "लेकराच्या मायला इचारलं का, तिला काय पाहिजे?" दाजी म्हणाले, सूनबाईलाच इंग्रजी पाहिजे. "मंग तिला घेऊन जा अन् दोघं वर्गात तासभर बसा. बाई किती बोलती ते बघू नका. लेकरं किती बोलायलीत अन् बाई त्यांना काय उत्तर देती ते ऐका. एखादं रडलं तर त्याला कोण उचलून घेतं ते बघा."

दाजींनी तिथूनच शाळेला फोन लावला, स्पीकरवर. संस्थेची दुसरी शाखा चालू आहे, तिथं वर्गात बसून बघता येईल का? पलीकडून मॅडम गोड बोलल्या. पालकांना वर्गात सोडत नाहीत, पण काळजी नको, मोबाईलवर कॅमेऱ्यातून केव्हाही बघता येतं.

"आवाज येतो का त्यात?" गुरुजींनी हळूच सांगितलं अन् दाजींनी विचारलं.

आवाज येत नाही म्हणाल्या.

दाजींनी सांगून टाकलं, तासभर वर्गात बसू दिलं तरच फी भरीन. मॅडम म्हणाल्या, वर विचारून सांगते. दाजी अजून त्या फोनची वाट बघायलेत, आणि फी भरलेली नाही.