‘कोरा’ म्हणजे बावळट नव्हे

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एक लांबलचक फॉरवर्ड, खाली डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे चार चेहरे. दोन मिनिटांनी, चेहऱ्यांशिवाय, एकच ओळ : ‘मावशी, यात खरं किती गं?’

मुलगा सत्तावीस वर्षांचा. डिसेंबरात लग्न. आईशी हे बोलता येत नाही, बाबांशी तर विषयच नको, म्हणून मावशी. मी दिवा लावला, चष्मा शोधला आणि वाचलं. वाचून झोप उडाली ती उडालीच.

फॉरवर्डचं नाव ‘लग्नाळू मुलांनो, जागे व्हा’. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातले पाच मुद्दे. एक, लग्नापर्यंत ज्याला शरीरसंबंधाचा काहीच अनुभव नाही तो पुरुष बावळट असतो, सिनेमा-नाटकांत उगाच तसं दाखवत नाहीत. दोन, हल्ली पंचविशीच्या आत सगळ्यांचं सगळं झालेलं असतं. तीन, म्हणून लग्नाआधी कुठेतरी ‘शिकून’ घ्यावं. चार, बायको मात्र ‘कोरी’च बघावी, पहिल्या रात्री ते कळतंच. पाच, अनुभवी माणूस चालण्या-बोलण्यावरून ओळखू येतो.

पहिल्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

सिनेमात दाखवतात म्हणून खरं! या न्यायाने जुळी भावंडं फक्त जत्रेतच हरवतात. असलं पात्र कसं असतं ते जरा आठवून बघा. तेल लावून चापून बसवलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हातात आईनं दिलेला डबा. मुलगी समोर आली की चहा सांडलाच. आता यातल्या कशाचा शरीरसंबंधाशी काय संबंध? चष्मा दूरचं दिसत नाही म्हणून लागतो. पण लेखकानं ही सगळी गाठोडी एकाच्याच डोक्यावर दिली, की पुढे त्याला पात्र लिहायचे कष्ट राहत नाहीत.

दादा कोंडक्यांचं उदाहरण घेते, कारण फॉरवर्डवाल्यानंही त्यांचंच नाव घेतलंय. १९७१चा ‘सोंगाड्या’. नाम्या आईच्या धाकातला, तमाशाच्या फडावर जाऊन पोचलेला, कलावतीपुढे भांबावलेला. दादांचा विनोद द्व्यर्थी वाक्यावर चालायचा हे सांगायला नको. पण ते वाक्य चालतं कसं? बोलणाऱ्याला एकच अर्थ ठाऊक असल्यासारखं दिसावं लागतं, आणि दुसरा अर्थ थिएटरातल्या पब्लिकनं स्वतःच्या डोक्यात लावायचा. बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ कळतायत असा संशय आला की वाक्य नुसतं चावट होतं, हशा निम्म्यावर येतो आणि सेन्सॉरवाले कात्री परजतात. म्हणून तो नाडी लोंबणाऱ्या चड्डीतला गडी भोळा असावाच लागतो. विनोदाचं यंत्र तसं बांधलंय. त्या भोळेपणाआड उभा असलेला गिरणगावातला माणूस पब्लिकला किती पुरता ओळखून होता, हे त्याच्या सिनेमांच्या बाहेर लागलेल्या रांगांना विचारा. अहो, सिनेमाचं नावच ‘सोंगाड्या’ आहे. सोंग आहे ते!

बरं, अत्रे घ्या. १९३८चा ‘ब्रह्मचारी’, अत्र्यांनी लिहिलेला मास्टर विनायकांचा सिनेमा. लोकांना त्यातली पोहण्याच्या पोशाखातली मीनाक्षी शिरोडकर आणि ‘यमुनाजळी खेळू खेळ’ तेवढं आठवतं. पण त्यातला औदुंबर हास्यास्पद का होतो? एक भाषण ऐकून आल्या आल्या आजन्म ब्रह्मचर्याची घोषणा करतो म्हणून. अत्र्यांनी चिमटा काढलाय तो उसन्या व्रताला, व्याख्यानबाजीला. ज्याला अनुभव नाही आणि त्याबद्दल जो काही बोलतही नाही, त्या बिचाऱ्याच्या वाटेला अत्रे गेलेच नाहीत.

आणि तो इंग्रजी सिनेमा, ज्याचा फोटो फॉरवर्डला चिकटवलाय, चाळीस वर्षांच्या कुमाराचा, २००५चा, स्टीव्ह कॅरेलचा. फॉरवर्डवाल्यानं तो फक्त पोस्टरपुरता पाहिला असावा. नायक सायकलवरून कामाला जातो, खेळणी जमवतो, लोक हसतात, हे खरं. पण त्याला शहाणपण शिकवायला निघालेले दुकानातले तिघे? एक जुन्या मैत्रिणीच्या आठवणीत कुजतोय, दुसरा आपल्या मैत्रिणीला फसवतोय. शेवटी सगळ्यात नीट संसार कुणाचा लागतो, ते पाहा आणि मग पोस्टर चिकटवा.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. अनुभव नसलेला माणूस भाबडा दाखवायची खोड नवी नाही आणि ती काही परदेशातून आलेली नाही. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिराला ऋष्यशृंगाची गोष्ट सांगतात. विभांडकाचा मुलगा, रानात वाढलेला, बाई म्हणून कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. अंगदेशात दुष्काळ पडतो, तिथला राजा लोमपाद त्याला आणायला गणिका पाठवतो. त्यातली एक आश्रमात येऊन जाते. बाप परतल्यावर हा तोंडभरून सांगतो : कसा सुंदर जटाधारी ब्रह्मचारी आला होता, त्याची फळं किती गोड होती, एक गोल फळ तर जमिनीवर आपटलं की उडी मारायचं! ते फळ म्हणजे चेंडू. बाप म्हणतो, तो राक्षस होता, लांब राहा. व्यासांच्या काळीही या जागी श्रोते हसलेच असणार. मलाही हसू येतं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही ना. तोच ऋष्यशृंग अंगदेशात पाऊल टाकतो आणि पाऊस पडतो. राजकन्या शांतेशी त्याचं लग्न होतं. आणि रामायणात दशरथाला मुलं हवीत म्हणून यज्ञ करायला याच गृहस्थाला मानानं बोलावून आणतात. जगाला हसू आलं ते त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं म्हणून. त्यात चूक विभांडकाची आहे. अनुभव नसणं आणि माहिती नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सिनेमावाले नेमका याच दोहोंचा काला करून वाढतात.

उलटा पुरावा हवा? समर्थ रामदास. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळालेले, आजन्म ब्रह्मचारी. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातले ‘स्वगुणपरीक्षे’चे समास वाचा. बायको, पोरं, कर्ज, दुसरं लग्न, म्हातारपणी सगळ्यांनी हिडीसफिडीस करणं, संसाराची इतकी बारीक टवाळी चार पोरांच्या बापालाही जमायची नाही. आणि याच माणसानं आपल्याला मूर्खाची लक्षणं सांगून ठेवलीत. ‘परस्त्रीसीं प्रेमा धरी, श्वशुरगृही वास करी, कुळेंविण कन्या वरी, तो येक मूर्ख.’ (कुळाचं आणि घरजावयाचं मला पटत नाही, ते सोडा.) समासभर मूर्ख मोजलेत, पण त्यात ‘ज्याला अनुभव नाही तो येक मूर्ख’ कुठे सापडलं तर मला कळवा.

दुसरा मुद्दा, सगळ्यांचं सगळं झालेलं असतं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? ग्रुपवर बढाया मारणाऱ्या चौघांचं? सरकार घरोघर जाऊन विचारतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ ते ४९ वयाच्या पुरुषांचं पहिल्या संबंधाचं मध्यक वय २४.३ आलं. म्हणजे चोविशी ओलांडेपर्यंत निम्म्या पुरुषांना अनुभव नव्हता. हे निम्मे सगळे चहा सांडत फिरत होते का? आता कुणी म्हणेल, दारात वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण खरं सांगतं. मान्य, काही लपवत असतील. पण मग ग्रुपवरचे फुगवून सांगत नसतील कशावरून? त्याच सर्वेक्षणात बायकांचं मध्यक वय १९ आहे. बायका जास्त ‘अनुभवी’ आणि म्हणून जास्त शहाण्या, असं फॉरवर्डवाला म्हणणार आहे का? नाही म्हणणार, कारण त्या आकड्यामागे लवकर उरकलेली लग्नं आहेत, हे त्यालाही ठाऊक आहे.

तिसरा मुद्दा वाचून मात्र मी भाच्याला फोनच केला. ‘शिकून घ्यावं’ म्हणजे काय? तो आधी गप्प. मग म्हणाला, मित्र म्हणतायत लग्नाआधी एकदा बुधवारात जाऊन येऊ, थट्टेत म्हणतात गं. बुधवार म्हणजे वेश्यावस्तीची बुधवार पेठ, हे पुण्यात राहणाऱ्याला फोडून सांगावं लागत नाही. मला त्या थट्टेत हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिथली बाई कुणाच्या सरावासाठी बसलेली नाही. आणि तिथे पैसे मोजून दहा मिनिटांत माणूस शिकणार तरी काय? समोरचीला काय हवंय ते विचारायचं नसतं, एवढंच. नेमकं तेच घेऊन हा बोहल्यावर चढणार.

नुसत्या अनुभवानं शहाणपण येत असतं तर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर ऋषी व्हायला हवा होता. एकामागून एक बाया घरी आणून ठेवणारा, आपल्याला सगळं कळतं असं छातीठोक सांगणारा तो पुरुष शेवटी चंपाचा गळा दाबतो.

शिकायचंच असेल तर या राज्यात शिकवायला माणूस होता. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. लोक जे घरात विचारू शकत नव्हते ते त्यांना पत्रानं विचारायचे आणि ते सरळ उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरूनच १९३४मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे २००७मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम ज्या राज्यांनी नाकारला त्यांत आपलं महाराष्ट्र होतंच. म्हणजे सांगणाऱ्याला दंड करायचा, शाळेत सांगू द्यायचं नाही, घरात कुणी विषय काढला तर टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि सत्तावीस वर्षांनी त्या मुलाला काही ठाऊक नाही म्हणून त्याच्यावर विनोद करायचे. घरोघरी विभांडक आहेत. माझी बहीण वाचत असेल तर तिला राग येईल, येऊ दे.

चौथा मुद्दा. मुलगे सगळे अनुभवी, मुली सगळ्या कोऱ्या. दुसरीतल्या पोराला घाला हे गणित. मुलग्यांनी अनुभव घेतला कुणाबरोबर? फॉरवर्डमध्ये याचं उत्तर नाही, कारण उत्तर मुद्दा तीनमध्ये बसलंय, आणि तिला हे लोक बाई म्हणून मोजतच नाहीत.

कथा-सिनेमांचा खरा लबाडपणा इथे आहे. नायिकेला काही ठाऊक नसलं की कॅमेरा हळुवार होतो, मागे बासरी वाजते, ती ‘निरागस’. नायकाला ठाऊक नसलं की पिपाणी वाजते, तो ‘बावळट’. अवस्था तीच, वाद्य बदललं. आणि बाईचं वय वाढलं की बासरीही बंद, मग ती ‘घोडनवरी’, नाटकातली खाष्ट आत्या.

आणि ‘पहिल्या रात्री कळतं’! काही कळत नाही. अनेकींना पहिल्या संबंधात रक्तस्राव होत नाही, आणि योनिपटल पाहून कुणाला काही सांगता येत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर हेच जाहीर केलं : कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, ती बंद करा. आपल्याकडे तर कंजारभाट समाजातली तरुण मुलंमुली त्याच वर्षी पहिल्या रात्री नवरीची पांढरी चादर तपासायला लावणाऱ्या स्वतःच्या जातपंचायतीविरुद्ध उभी राहिली होती. पिंपरीत एका लग्नात त्यातल्या काहींना मारही खावा लागला. फेब्रुवारी २०१९मध्ये राज्य सरकारला सांगावं लागलं की अशी चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा धरला जाईल. पांढरी चादर त्या खोल्यांतून बाहेर काढायला या पोरांनी मार खाल्ला, आणि हा इंजिनिअर लोकांचा ग्रुप ती फॉरवर्डमधून परत आत आणतोय, वर हसणारे चेहरे लावून. भाच्याला मी स्पष्ट विचारलं, तुझ्या होणाऱ्या बायकोनं तुला हा प्रश्न विचारला तर चालेल का? म्हणाला, चालेल की. मी म्हटलं, आणि तू तिला विचारलास तर? तो बराच वेळ गप्प होता. बरं वाटलं मला.

पाचवा, चालण्यावरून ओळखतात. माझ्या चालण्यावरून फक्त माझा डावा गुडघा ओळखू येतो. पुढे.

फोन ठेवायच्या आधी भाच्यानं विचारलं, पण मावशी, खरंच काही अडलं तर? मी म्हटलं, अडेल. सगळ्यांचं अडतं. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, विचारा, पुस्तकं आहेत, वाचा. एकमेकांना ‘मला नीट माहीत नाही’ एवढं वाक्य बोलता आलं तरी निम्मं काम होतं.

त्यानं ते वाक्य होणाऱ्या बायकोला बोलून दाखवलं म्हणे. तिनं लगेच तिच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे शनिवारची साडेपाचची वेळ घेतली. काल याचा पुन्हा मेसेज, ‘मावशी, तूपण येशील का?’ मी कळवलंय, अजिबात येणार नाही, तुमचं तुम्ही जा, येताना माझी गुडघ्याची गोळी घेऊन या.