जी५४ सगळे सांभाळून घेत नाही

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे, प्रोग्रामिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे मशीनवर जाण्याआधी संगणकावर घेतलेल्या चाचणीत, जॉब (कापायचा तुकडा) आणि तो धरून ठेवणारे फिक्स्चर माउसने ओढून, पृष्ठभागाला पृष्ठभाग टेकवून बसवले तरी पुरते, प्रत्येक घटकाला संदर्भबिंदू देण्यात वेळ वाया जातो आणि राहिलेला फरक जी५४ हा प्रोग्रामच्या शून्याची जागा सांगणारा ऑफसेट भरून काढतो, असे त्यात म्हटलेले असते. यातला शेवटचा भाग सर्वांत धोकादायक असल्याने आधी तोच घेतो.

जी५४ फक्त प्रोग्रामचे शून्य मशीनच्या शून्यापासून कुठे आहे एवढेच सांगतो. जॉब दाबून धरणारा क्लॅम्प कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. सिम्युलेशनमध्ये हा ऑफसेट बहुधा जॉबवरील बिंदूलाच बांधलेला असल्यामुळे जॉब २० मि.मी. सरकला तर टूलही तेवढेच सरकते आणि कटिंग निर्दोष दिसते. मात्र टूल धरणारा होल्डर क्लॅम्पला धडकतो का, अक्षाची धाव पुरते का, ही तपासणी भलत्याच जागी होते, आणि सिम्युलेशन तर त्यासाठीच केलेले असते.

पाच अक्षांच्या मशीनवर हे अधिक महागात पडते. टीसीपी (अक्ष फिरतानाही टूलच्या टोकाची जागा मशीननेच सांभाळण्याची सोय) न वापरता, फिरत्या टेबलाच्या केंद्रावरून काढलेल्या प्रोग्राममध्ये जॉब केंद्रापासून गृहीत जागेपेक्षा २ मि.मी. बाजूला असेल आणि ऑफसेट शून्य अंशावर एकदाच घेतला असेल, तर सी अक्ष, म्हणजे टेबल, १८० अंश फिरल्यावर चूक ४ मि.मी. होते. नजरेने मांडलेल्या सेटअपमध्ये ही चूक प्रोग्रामची की मांडणीची, हे ओळखता येत नाही.

आता पृष्ठभाग टेकवण्याविषयी. सपाट तळ टेबलावर टेकला की सहांपैकी तीनच हालचाली बंद होतात. दोन दिशांना सरकणे आणि उभ्या अक्षाभोवती फिरणे मोकळेच राहते. ०.१ अंशाचा फरक पडद्यावर दिसत नाही, पण ३०० मि.मी. लांबीवर तो सुमारे ०.५२ मि.मी. होतो. संदर्भबिंदूला जागेबरोबर तिन्ही अक्षांच्या दिशाही असल्यामुळे फिक्स्चरवरचा आणि जॉबवरचा बिंदू एकमेकांवर आणताच सहाही हालचाली एकदम ठरतात. शिवाय एसटीएल या फाइल प्रकारातल्या मॉडेलमध्ये गोल भोक त्रिकोणी तुकड्यांचे बनलेले असते, त्यामुळे त्याच्या एखाद्या तुकड्यावर क्लिक करून खरा अक्ष मिळत नाही. तो मूळ कॅड मॉडेलमध्येच (संगणकावर काढलेल्या आराखड्यात) संदर्भ म्हणून नोंदवावा लागतो.

वेळेचा आक्षेप फारसा टिकत नाही. व्हाइसच्या (जॉब आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या) स्थिर जबड्याचा संदर्भ लायब्ररीत एकदाच नोंदवायचा असतो. पुढच्या सेटअपमध्ये अर्धवट कापलेला जॉब उलटा करून बसवताना तोच संदर्भ पुन्हा कामी येतो, तर नजरेने बसवणाऱ्याला प्रत्येक उलटापालटीत सगळी जुळवणी नव्याने करावी लागते.